पाच घटकांची पट्टी मानिकी नदीकाठी बसली का? एका व्यक्तिमत्त्व चाचणीचा प्रकरण अभ्यास

बोलिव्हियाच्या सखल, जंगलाळ भागातून मानिकी नावाची नदी वाहते. तिच्या काठाने त्सिमाने लोकांच्या वस्त्या आहेत. केळी, भात, मका आणि कसावा पिकवायचा, नदीत मासे धरायचे, रानात शिकार करायची, असं त्यांचं जगणं. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही. यांतल्या 632 प्रौढ स्त्री-पुरुषांना त्यांच्याच भाषेत 44 वाक्यं ऐकवली गेली आणि प्रत्येक वाक्य स्वतःला कितपत लागू पडतं ते विचारलं गेलं. मायकेल गर्वेन, ख्रिस व्हॉन रुडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य घटक जगात सगळीकडे सापडतात असं तोवर गृहीत धरलं जात होतं. इथे ते सापडले नाहीत.

एवढंच असतं तर हा निबंध एक अपवाद म्हणून कपाटात गेला असता. पण मोजणारे नीट मोजत असतील आणि तरी अपेक्षित उत्तर येत नसेल, तर दोष पट्टीचा की मोजल्या जाणाऱ्या वस्तूचाच आकार वेगळा? या प्रश्नाचा इतका पद्धतशीर पाठपुरावा फार थोड्या ठिकाणी झाला आहे. म्हणून हे प्रकरण पायरीपायरीने उलगडून पाहण्यासारखं आहे.

पट्टी कुठून आली

गुणविशेष म्हणजे विचार करण्याची, भावना अनुभवण्याची आणि वागण्याची अशी प्रवृत्ती, जी माणसामाणसांत कमीजास्त असते आणि एकाच माणसात बऱ्यापैकी टिकून राहते. ‘आज रागावला’ ही अवस्था, ‘तापट आहे’ हा गुणविशेष. तो डोळ्यांना दिसत नाही, अनेक प्रसंगांवरून त्याचा अंदाज बांधावा लागतो. म्हणून कुठलीच प्रश्नावली एका प्रश्नावर भागत नाही.

कोणते गुणविशेष मोजायचे, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञांनी शब्दकोशात शोधलं. जो फरक लोकांना महत्त्वाचा वाटतो त्याला भाषेत शब्द असतोच, हे त्यामागचं तत्त्व. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी 1936 मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसांचं वर्णन करणारे 17,953 शब्द वेचले. त्यांतले 4,504 टिकाऊ गुणविशेषांचे ठरले. रेमंड कॅटेल यांनी ती यादी आणखी आटवली. पुढे अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्युप्स आणि क्रिस्टल यांना 1961 मध्ये वेगवेगळ्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा पाचच गट दिसले. ‘बिग फाइव्ह’ हे नाव लुईस गोल्डबर्ग यांचं, 1981 चं. हे पाच म्हणजे बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांबाबतचा खुलेपणा.

हे पाच कोणी आधी ठरवून मांडलेले नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. ‘मी गप्पिष्ट आहे’ला होकार देणारे ‘मी उत्साही आहे’लाही होकार देतात का, हे शेकडो माणसांच्या उत्तरांत पाहायचं. जी वाक्यं एकमेकांबरोबर वरखाली होतात, त्यांची एक मोळी बांधायची. घटक विश्लेषण ते हेच. म्हणजे ‘पाच’ हा आकडा उत्तरांमधल्या सहसंबंधांतून निघतो. उत्तरं देणारे बदलले तर तो तसाच राहील, याची हमी कोणी दिलेली नाही.

2005 मध्ये मॅक्रे आणि टेराचियानो यांनी 50 संस्कृतींमध्ये पाच घटक सापडल्याचं दाखवलं. आकडा भारदस्त आहे. पण त्या अभ्यासात आपल्या ओळखीच्या एखाद्या व्यक्तीबद्दल प्रश्नावली भरणारे महाविद्यालयीन विद्यार्थी होते. मोजली गेलेली माणसं कोणीही असोत, कागद भरणारे हात पन्नासही ठिकाणी वर्गात बसलेले होते.

44 वाक्यांची रचना

त्सिमान्यांसाठी निवडलेली प्रश्नावली ‘बिग फाइव्ह इन्व्हेंटरी’. तिचं स्पॅनिश रूप 1998 पासून वापरात होतं. तिच्यात बहिर्मुखतेची 8 वाक्यं आहेत, मनमिळाऊपणाची 9, कर्तव्यदक्षतेची 9, भावनिक अस्थिरतेची 8 आणि खुलेपणाची 10. प्रत्येकाला 1 (अजिबात लागू नाही) ते 5 (पूर्ण लागू) असं उत्तर.

44 पैकी 16 वाक्यं उलटी आहेत. कर्तव्यदक्षतेच्या यादीत ‘काम नीटनेटकं पार पाडतो’ हे सुलटं आणि ‘आळशीपणाकडे कल असतो’ हे उलटं. उलट्या वाक्याचे गुण 6 मधून वजा करून घ्यायचे, म्हणजे 5 चा 1 होतो आणि 2 चा 4. हेतू असा की सगळ्यालाच मान डोलावणारा माणूस आपोआप वरच्या गुणांवर जाऊन बसू नये.

आता ही योजना गोंधळ कशी घालते ते आकड्यांत पाहू. समजा, एखाद्याने सगळ्या 44 वाक्यांना 5 म्हटलं. कर्तव्यदक्षतेत 5 सुलटी आणि 4 उलटी वाक्यं आहेत: (5×5 + 4×1) ÷ 9 = 3.22. खुलेपणात 8 सुलटी, उलटी फक्त 2: (8×5 + 2×1) ÷ 10 = 4.2. म्हणजे हा गृहस्थ कर्तव्यदक्षतेत मध्यम आणि नव्या अनुभवांना भलताच उत्सुक ठरला. प्रत्यक्षात पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, एवढंच त्याने केलं. शिवाय अशी माणसं नमुन्यात बरीच असतील तर सुलटी वाक्यं सुलट्यांशी आणि उलटी उलट्यांशी जुळायला लागतात. मोळ्या गुणविशेषांप्रमाणे न बांधल्या जाता वाक्याच्या दिशेप्रमाणे बांधल्या जातात.

भाषांतराच्या टेबलावर

प्रश्नावली त्सिमाने भाषेत आणली गेली आणि तोंडी विचारली गेली. या टप्प्यावर काय काय निसटतं, ते मराठीतल्या एका शब्दावरून समजेल. मूळ प्रश्नावलीत एक वाक्य ‘फारसं न बोलणारा, स्वतःपुरता राहणारा’ अशा अर्थाचं आहे आणि ते बहिर्मुखतेचं उलटं वाक्य म्हणून धरलं जातं. मराठीत काय लिहाल? ‘मितभाषी’ लिहिलं तर ती शाबासकी झाली, निम्मे लोक आनंदाने हो म्हणतील. ‘घुमा’ लिहिलं तर शिवी, कोणी हो म्हणणार नाही. ‘आतल्या गाठीचा’ लिहिलं तर कमी बोलणं बाजूला राहून कावेबाजपणा मोजला जाईल. ‘अबोल’ त्यातल्या त्यात बरा. पण घरातल्या सुनेला ‘तुम्ही अबोल आहात का?’ असं सासूसमोर विचारलं तर त्या उत्तराचा बहिर्मुखतेशी फारसा संबंध उरत नाही.

सगळेच हो किंवा सगळेच नाही म्हणाले तर उत्तरांत फरक उरत नाही, आणि फरक नसला तर सहसंबंध निघत नाही. भाषांतर चुकलं याची पहिली खूण ही. वाक्य हास्यास्पद वाटेलच असं नाही, ते निव्वळ मुकं होतं.

खुलेपणाच्या यादीत कला, संगीत, साहित्य यांतल्या जाणकारीबद्दल आणि कलाविषयक आवडी ‘कमी’ असण्याबद्दल वाक्यं आहेत. जिथे विणकाम, गाणं, बाण तासणं हे रोजच्या कामातच येतं आणि ‘कला’ असा वेगळा कप्पा नाही, तिथे हे वाक्य नेमकं काय विचारतं? पाचांपैकी खुलेपणा हा घटक देशोदेशी सर्वांत डळमळीत का असतो, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

पाच तपासण्या

गर्वेन यांच्या गटाने निकाल एका कसोटीवर सोडला नाही, ही या कामाची खरी ताकद.

पहिली कसोटी अंतर्गत सुसंगतीची: एकाच घटकाची म्हणून ठेवलेली वाक्यं खरंच एकत्र चालतात का? तिचं माप क्रॉनबाखचा अल्फा. वाक्यांची संख्या क आणि त्यांच्यातला सरासरी सहसंबंध स धरला तर अल्फा = क×स ÷ (1 + (क−1)×स). नऊ वाक्यांत सरासरी सहसंबंध 0.30 असेल तर अल्फा 0.79 येतो, चांगला. तोच 0.10 वर घसरला तर अल्फा 0.50. (हे आकडे सूत्र समजावण्यापुरते आहेत, त्सिमान्यांचे नव्हेत.) 0.50 म्हणजे किती वाईट? गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे माणसांचे गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात ते, 0.7 धरा. मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एकाच माणसाचे गुण मोजण्यातल्या चुकीने साधारण किती हलतात ते, 0.7 × √(1−0.50), म्हणजे साधारण 0.5. दोन्ही बाजूंना या त्रुटीच्या दुप्पट जागा सोडली, तर ज्याला 3.2 गुण मिळाले त्याचा खरा आकडा 2.2 ते 4.2 मध्ये कुठेही असू शकतो. पट्टीच 1 ते 5 ची. अर्धी पट्टी चुकीतच गेली.

दुसरी कसोटी, तीच वाक्यं त्याच माणसांना पुन्हा विचारल्यावर उत्तरं टिकतात का. तिसरी, गुणांचा प्रत्यक्ष वागण्याच्या नोंदींशी मेळ बसतो का. चौथी, घटक विश्लेषण दोन्ही प्रकारे, म्हणजे कुठलीही अपेक्षा न धरता आणि मग पाच घटक गृहीत धरून. पाचवी, अमेरिकी नमुन्याच्या रचनेशी तुलना.

या पाचांना सारखं वजन देऊ नये. पाच घटक आधी गृहीत धरणारी जी काटेकोर चाचणी आहे, तीत अमेरिकी नमुनेही पुष्कळदा नापास होतात, कारण खऱ्या वाक्यांना एकाच मोळीत राहणं जमत नाही. तेव्हा त्या एका नापासावरून काही ठरवता येत नाही. पाचवी कसोटी अधिक बोलकी. तिचं नाव प्रोक्रस्टीस परिवलन. ग्रीक कथेतला हा यजमान पाहुण्याला खाटेच्या मापाचा करायचा: आखूड असेल तर ताणून, लांब असेल तर पाय छाटून. इथेही नव्या नमुन्याचे घटक अमेरिकी साच्याकडे जितके वळवता येतील तितके वळवतात आणि मग साम्य मोजतात. दोन्ही घटक तंतोतंत सारखे असतील तर साम्यगुणांक 1. साधारण 0.90 च्या वर गेला तर घटक पुन्हा सापडला असं मानतात, 0.85 च्या खाली असेल तर नाही. ही कसोटी जुळवून घेण्याच्या बाजूने झुकलेली आहे. तिच्यातही साम्य पुरेसं भरलं नाही, याला म्हणूनच अर्थ आहे.

पाचही कसोट्यांवर पंचघटक रचनेला भक्कम आधार मिळाला नाही.

दोष पट्टीचा असेल तर?

इथून पुढचा भाग सर्वांत शिकण्यासारखा. ‘पट्टी चुकली’ या शंकेला एकच चेहरा नाही, आणि संशोधकांनी तिचे चेहरे एकेक करून समोर घेतले.

लोकांना स्वतःबद्दल बोलणं अवघड जात असेल का? मग नवरा-बायकोला एकमेकांबद्दल विचारा. वेगळ्या 430 जणांनी आपापल्या जोडीदाराचं वर्णन त्याच 44 वाक्यांवर केलं. रचना सुधारली नाही.

शाळेची सवय नसल्यामुळे असं होत असेल का? एखादं सुटं वाक्य ऐकायचं, ते प्रसंगातून तोडून स्वतःवर ताडून पाहायचं आणि पाचांतला एक आकडा सांगायचा, हे शाळेत अंगवळणी पडणारं कौशल्य आहे. म्हणून शाळेत गेलेले आणि स्पॅनिश बोलणारे त्सिमाने वेगळे काढून पाहिले. त्यांच्यातही पाच घटक अधिक ठळक झाले नाहीत.

उलटी वाक्यं घोळ करत असतील का? ती काढून टाकली. आता मात्र बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि कर्तव्यदक्षता यांची आठवण करून देणारे घटक दिसू लागले. तरीही पूर्ण पाचांशी मेळ कमीच राहिला.

या तिसऱ्या उत्तरावर घाईने पुढे जाऊ नये. उलटी वाक्यं काढल्याने चित्र बदललं, म्हणजे बिघाडाचा काही भाग नक्कीच पट्टीतला होता. पण ती काढली की होकाराची सवय आणि खरा गुणविशेष वेगळे करण्याचं साधनही हातचं जातं. इकडे आड, तिकडे विहीर.

मग काय सापडलं

दोन घटक. एकात लोकांशी मिळून-मिसळून, मदतीला धावून वागणं येतं, त्याला समाजाभिमुखता म्हणता येईल. दुसऱ्यात चिकाटी, उरक, काम तडीस नेणं, म्हणजे उद्यमशीलता. पाचांतली वाक्यं या दोन मोळ्यांत विखुरली गेली. आपल्याकडे एखाद्या स्थळाची चौकशी करताना ‘माणसं कशी आहेत आणि कामाला कशी आहेत’ एवढंच विचारतात, त्याची इथे आठवण होते. अर्थात हे साम्य वरवरचं आहे, त्यावर सिद्धान्त उभा करू नये.

संशोधकांचं स्पष्टीकरण असं. मोठ्या शहरी समाजात कमी बोलणारा पण काटेकोर माणूस हिशेबनीस होतो, बडबड्या पण विसराळू माणसाला दुसरी जागा मिळते. गुणांच्या वेगवेगळ्या जोड्यांना वेगवेगळे कोनाडे असतात, म्हणून गुण एकमेकांपासून सुटे होतात. छोट्या समाजात कोनाडे थोडे. जवळजवळ प्रत्येकाला शेती करायची, मासे धरायचे, मुलं वाढवायची आणि नातेवाइकांशी देवाणघेवाण सांभाळायची. तिथे काही गुण गठ्ठ्यानेच चालतात. याच अंगाने 2017 मध्ये ल्युकाशेव्स्की आणि सहकाऱ्यांनी 55 देशांची माहिती तपासली. समाज जितका गुंतागुंतीचा तितके घटक एकमेकांपासून अधिक सुटे, असा कल त्यांना दिसला. 2019 मध्ये स्मॅल्डिनो यांच्यासह याच मंडळींनी संगणकीय प्रतिमान करून कोनाड्यांची संख्या वाढवली की घटकांची संख्या वाढू शकते, हे दाखवलं. प्रतिमानात एखादी गोष्ट शक्य आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं.

दुसरी बाजू

2019 मध्येच लाजाज आणि सहकाऱ्यांनी 23 अल्प व मध्यम उत्पन्न देशांतल्या 29 पाहण्या एकत्र केल्या. समोरासमोर बसून विचारलेल्या, एकूण 94,751 जणांच्या. तिथेही वाक्यं अपेक्षित मोळ्यांत नीट बसली नाहीत. मग त्याच देशांतल्या, इंटरनेटवर स्वतःहून प्रश्नावली भरणाऱ्या 1,98,356 जणांची उत्तरं पाहिली, तर रचना बरीच चांगली जुळली. कारणं म्हणून पुढे आली ती अशी: विचारणाऱ्याच्या समोर असण्याचा परिणाम, कमी शिक्षण आणि उत्तर देण्याच्या सवयी.

हे देश छोट्या वस्त्यांचे नव्हेत. त्यांच्यात शहरं आहेत, बाजार आहेत, हजार कोनाडे आहेत. तरी समोर बसून विचारलं की मोळ्या सुटतात. त्यामुळे मानिकीकाठच्या निकालातला किती भाग जगण्यातून आला आणि किती विचारण्याच्या पद्धतीतून, याची वाटणी 44 वाक्यांच्या एका प्रश्नावलीवरून करता येणार नाही. आमचा कौल असा: ‘पाच घटक सार्वत्रिक आहेत’ हा दावा या प्रकरणाने पक्का जखमी केला. ‘त्सिमान्यांचं व्यक्तिमत्त्व दोन घटकांचं आहे’ हा दावा मात्र अजून उमेदवारीवर आहे. त्सिमाने भाषेतल्याच वर्णनशब्दांपासून सुरुवात करून बांधलेली प्रश्नावली असती, तर तो अधिक वजनदार झाला असता.

मराठीचा अनुभव इथे उपयोगी पडतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोधी, देव आणि बेल्हेकर यांनी 240 विधानांच्या दुसऱ्या एका पंचघटक प्रश्नावलीचं मराठी रूप तपासलं, आणि त्यात पाच घटक ओळखू येतील असे मिळाले. म्हणजे मराठी भाषा पाचांना आडवी येत नाही. पण 240 विधानं भरून देणारा आणि ओसरीवर बसून तोंडी उत्तर देणारा, हे दोघं एकच मराठी बोलत असले तरी मोजमापाच्या दृष्टीने एका रांगेतले नाहीत.

तोंडी विचारायची वेळ आली तर

आरोग्य, शेती किंवा बचतगटांच्या पाहणीत दहा-पंधरा व्यक्तिमत्त्वाची वाक्यं घुसडण्याची पद्धत वाढली आहे. वरच्या प्रकरणातून त्यासाठी काही गोष्टी सरळ निघतात.

भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करावं, आणि मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं. एवढ्यावर थांबू नये. आठ-दहा जणांना प्रत्येक वाक्य ऐकवून ‘म्हणजे काय हो, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारावं. ‘मितभाषी’ची शाबासकी इथेच उघडी पडते, परत-भाषांतरात ती कधीच दिसत नाही. ‘नाही’ असलेली वाक्यं टाळावीत. ‘तुम्ही सहज अस्वस्थ होत नाही?’ याला आलेलं ‘हो’ कुठल्या बाजूचं, हे विचारणाऱ्यालाही सांगता येत नाही. पाच पर्याय एकदम ऐकवले तर शेवटचा लक्षात राहतो, म्हणून दोन टप्पे करावेत: आधी ‘लागू पडतं की नाही?’, मग ‘पुरतं की थोडंसं?’. अडखळला तर मधला पर्याय.

उलटी वाक्यं काढू नयेत, पण प्रत्येक घटकात सुलटी-उलटी निम्मी-निम्मी ठेवावीत. विरुद्ध अर्थाच्या वाक्यांच्या जोड्या घेऊन, 6 मधून वजाबाकी करण्याआधीच, त्यांची सरासरी काढावी. ‘कष्टाळू’ला 5 आणि ‘आळशी’लाही 5 देणाऱ्याची सरासरी 5 येते, तोलून उत्तर देणाऱ्याची 3 च्या आसपास. ही सरासरी म्हणजे त्या माणसाची हो म्हणण्याची सवय. ती प्रत्येक उत्तरातून वजा करूनच पुढे जावं. विचारणारा कोण होता, याचा रकाना कागदावर हवाच. दोन विचारणाऱ्यांच्या यादीतल्या सरासऱ्या फार वेगळ्या निघाल्या, तर गावापेक्षा विचारणाराच जास्त मोजला गेला आहे. निदान दहावा हिस्सा लोकांना तीन-चार आठवड्यांनी पुन्हा विचारावं.

आणि विश्लेषणात पाचऐवजी दोन किंवा तीन मोळ्या निघाल्या तर अहवालात तेवढ्याच द्याव्यात, प्रत्येकीत कोणती वाक्यं पडली त्यांच्या यादीसह. 0.50 अल्फा असलेल्या नऊ वाक्यांची सरासरी काढून वर ‘कर्तव्यदक्षता’ असं लेबल चिकटवलं, तर पुढचा वाचक त्या आकड्यावरून कर्ज कोण फेडेल याचं गणित मांडायला बसतो, आणि त्याला ती वाक्यं पाहायलाही मिळत नाहीत.